दोन अर्जंट, एक साधा

यवतमाळ, १२ जानेवारी, रविवार

आई, तू गेल्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही. रोजनिशीत तुझं नाव येतं, पण तुझ्याशी बोलणं होत नाही. त्याबद्दल माफ कर. आज लिहायला बसले ते माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे, आणि ती दुरुस्त करायची रीत तुझ्या पुसदच्या टेलिफोन एक्सचेंजमधली निघाली म्हणून.

तुझ्या वेळी एका कॉलला एक अख्खी लाइन लागायची. दोन्हीकडची माणसं गप्प बसली तरी ती लाइन त्यांचीच, तिसऱ्याने ताटकळायचं. कॉलेजात नव्या पद्धतीबद्दल शिकले तेव्हा मी तुला म्हटलं होतं की तुमचं ते सगळं भंगार होतं. आता आवाज, व्हिडिओ, एक्स-रेचे फोटो, सगळ्यांचे बारीक तुकडे करून एकाच तारेतून पाठवतात, आणि कोणी गप्प बसला की त्याची जागा लगेच दुसऱ्याला मिळते. तू भाजी निवडत होतीस. वर न बघता एवढंच विचारलंस, "मंग गर्दी झाली त कोण थांबते?" मी हसले होते. 

गेली काही वर्षं मी जिल्ह्यातल्या छोट्या दवाखान्यांच्या इंटरनेट जोडण्या बघते. यवतमाळचे डॉक्टर व्हिडिओवरून आर्णी, पांढरकवड्याचे पेशंट तपासतात. व्हिडिओ अडखळला की डॉक्टर चिडतात, म्हणून मी ठरवून टाकलं: व्हिडिओ सगळ्यात आधी, मग आवाज, उरलेल्या जागेत फोटो. बुधवारी तपासण्या एकामागून एक लागल्या आणि जागा उरलीच नाही. पांढरकवड्याच्या सिस्टरचा फोन आला. "मॅडम, गाडीवरून पडलेली बाई हाय, पाय पार सुजला. फोटो दीड तासापासून जाऊनच नाही राह्यला. काहून?" माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. व्हिडिओ सुरेख चालला होता. शेवटी तिने एक्स-रे मोबाइलवर टिपून मोबाइलच्याच नेटवरून पाठवला, डॉक्टरांनी पाहिला, बाईला वेळेत इकडे आणलं. पाय वाचला. पण तो माझ्यामुळे वाचला नाही, हे मला लिहून ठेवलं पाहिजे.

त्या संध्याकाळी मला एक्सचेंजबाहेरचा तो बाक आठवला. मी नऊ वर्षांची आहे, शाळा सुटल्यावर एक्सचेंजच्या खिडकीबाहेर बसले आहे. आत तू, कानावर हेडफोन. नागपूरकडे जाणाऱ्या लाइनी मोजक्या आणि कॉल तीन तऱ्हेचे: साधा, अर्जंट, लायटनिंग. लायटनिंग आला की सगळे बाजूला. अर्जंटला पैसे जास्त आणि नंबर आधी. माझ्या शेजारी बंजारा तांड्यावरचा एक म्हातारा दुपारपासून साधा कॉल लावून बसलाय, लेक नागपूरच्या दवाखान्यात बाळंतपणात अडलेली. मी त्याला शहाणपणाने सांगते, "बाबा, अर्जंट लावा ना, नाहीतर इथेच झोपाल." तो नुसता हसतो. खिडकीशी कापसाचे व्यापारी शेठजी उभे, त्यांचा आज तिसरा अर्जंट.

"शेठजी, दोन तुमचे गेले. आता एक साधा."

"बाई, भाव पडून राह्यला तिकडे! त्या बुढ्याचा का जीव चालला?"

"त्याच्या पोरीचा चालला असंन. बसा दोन मिनिटं, भाव काही पळून नाही जात."

म्हातारा उठतो. वयाने तुझ्या वडिलांएवढा, पण तुला "याडी" म्हणतो, त्याच्या बोलीत आई. बोलून बाहेर येतो तेव्हा रडतोय की हसतोय ते मला कळत नाही. "पोरगी झाली," तो आधी शेठजींनाच सांगतो, आणि शेठजी खिशातून बडीशेप काढून त्याच्या हातावर ठेवतात.

घरी जाताना तू माझा कान धरलास. "शेवटचा माणूस उभाच राह्यला, त रांग कायची वं ते? अन् त्याले हसली तू."

तुझी ही रीत नियमात बसत होती की नाही, मला अजून माहीत नाही. बसत नसावी. पण शुक्रवारी मी नेमकं तेच केलं: व्हिडिओ पुढेच, पण ठरावीक तुकडे गेले की फोटोचा एक तुकडा जाणारच, गर्दी कितीही असो. हे नवं नाही, आमच्या पुस्तकांतही आहे. मीच ते पान गरजेचं मानलं नव्हतं. नवी तार तुझ्या लाइनींपेक्षा खूप चांगली आहे, आई, हे मी आजही म्हणेन. पण कोण थांबणार ते तिला आपोआप कळत नाही. ते कुणीतरी खिडकीशी बसून ठरवावं लागतं.

काल बैठकीत साहेबांनी विचारलं, ही कल्पना सुचली कुठून? मी म्हटलं, वाचनात आली होती. तुझं नाव घ्यायला लाज वाटली असं नाही, पण घेतलं नाही एवढं खरं.

उद्या: दोन्ही गावांचे व्हिडिओ चालू असताना पांढरकवड्याच्या सिस्टरला एक साधा फोटो पाठवायला सांगणे.