आठ मोर

गुलटेकडी, पुणे
१४ ऑक्टोबर २०२५

सौ. निशास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तुझं गुडघ्याचं औषध चालू असेलच. मार्केट यार्डात झेंडू अजून महाग झालेला नाही, पण होईल; पुण्यात कायम स्वस्त फक्त सल्ला. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्ये बोलतेस आणि मी लगेच विषय बदलते.

गेल्या शुक्रवारी खराडीला गेले होते. आमच्या सूनबाईंच्या, रुपालीच्या, ऑफिसात ‘पारंपरिक कागदकला’ असा सोहळा होता. पारंपरिक म्हणजे काय, तर मशीननं कापलेली नक्षी काचेत बसवून भिंतभर टांगलेली. सगळीकडे तीच एक नक्षी, खाली माझं नाव. मला नऊवारी नेसवून कोपऱ्यात बसवलं आणि हातात कात्री दिली. कापायचं काही नाही, नुसती धरायची, फोटोसाठी. वर शाल, श्रीफळ आणि साखर पेरलेली भाषणं. किळस आली गं. चहा तसाच बाजूला ठेवला.

तेवढ्यात तिथेच नोकरी करणारी पूर्वा नावाची एक मुलगी नक्षी निरखत माझ्याजवळ आली. तिची आई घरी कातरकाम करते म्हणे. म्हणाली, "आजी, घडी घालून कापलं की घडीची रेघ राहतेच. आणि आतल्या पदरातली नक्षी बाहेरच्यापेक्षा जराशी लहान येते. यात आठही मोर अगदी सारखे, आणि घडी कुठेच नाही?"

"इस्त्री केली," मी म्हणाले.

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी टोमणा मारतेय. निशा, मी खरं तेच सांगितलं होतं.

आठ मोर म्हटल्यावर तुझ्या लक्षात आलंच असेल. तो कागद तुझा. चौऱ्याऐंशीच्या गणपतीत, पेन्सिलही न टेकवता, तू एका बैठकीत कातरलेला. आई गेल्यावर तू मागितलास, तेव्हा मी म्हणाले, वाळवीनं खाल्ला. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाळवी कसली आलीय! माझ्याच कपाटात, पैठणीच्या खाली होता. शिकवलं मी, आणि लोक कौतुक करायचे तुझ्या हाताचं. ते मला कधी सोसलं नाही, एवढंच कारण.

रुपालीनं नक्षी मागितली, मी ऐटीत काढून दिली, माझी म्हणून. फोटो काढणारा म्हणाला, घडीची सावली पडते, सपाट करून द्या. जुन्या कागदाला इस्त्री दाखवायची नाही, पुस्तकांखाली दाबायचा, हे आईनं आपल्याला जन्मभर बजावलं. पण मला घाई. एकेचाळीस वर्षांचा घोटीव कागद, प्रत्येक घडीवर तडकला. आठ तुकडे झाले, प्रत्येकात एक मोर. त्या पठ्ठ्यानं त्यातला एकच घेतला, मशीनवर आठदा फिरवला आणि मला परत दिला.

काल रुपालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, नाव छापून झालंय. कुणाला कळणार आहे?" मला कळतंय, म्हटलं. येत्या शुक्रवारी तिथेच पुन्हा सत्कार आहे. उभी राहून सांगणार आहे की नक्षी निशाची आणि चोरी माझी. रुपालीला चारचौघांत मान खाली घालावी लागेल. लागू दे.

तुझा हात आता थरथरतो, कात्री धरवत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणजे असा कागद आता पुन्हा व्हायचा नाही. तुकडे मागच्या बाजूनं चिकटवायला घेतले होते. मग मनात आलं, जोड नीट बसला तर ‘वाळवीतून वाचला बघ’ म्हणून देता येईल, काही सांगायला नको. त्या क्षणी स्वतःची जी शिसारी आली, ती खराडीतही आली नव्हती. खळ ओतून दिली. आठही तुकडे सोबत आहेत.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, आणि मी परत सुटेन.

तुझी थोरली,
सुशीला