पाहुण्यांसह पहिला बाक

दि. ४ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. सुखात आहे, असे मात्र लिहवत नाही. हे विद्यापीठ म्हणजे शहराच्या पोटातले दुसरे शहरच. रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांच्यामधून रहदारीचा रस्ता जातो, वरून पादचारी पूल, आणि पुलावर विद्यार्थी चालता चालता वाद घालतात. ग्रंथालय सात मजली असून तिथे कोणी बोलत नाही, म्हणून मी तिथेच असते.

वर्गात माझे वाक्य मनात जुळून येईपर्यंत चर्चा पुढच्या प्रश्नावर गेलेली असते. मार्गदर्शक बाईंनी परवा स्पष्टच सांगितले की, भूगोलात संशोधन करणाऱ्यांना पहिल्या वर्षाला शिकवावेही लागते. न बोलणाऱ्या मुलीला ठेवून घेता येणार नाही. परीक्षा म्हणून येत्या शुक्रवारी नवागतांना परिसर दाखवायचा आहे. माहितीपुस्तिका पाठ केली आहे, तरी धीर होत नाही. मी परत आले तर चालेल का, हे बाबांना विचारून ठेवशील?

तुझी माया आहे तशीच राहो, एवढीच विनवणी.
तुझी भाची

दि. ८ ऑगस्ट

चि. वाळवीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बाबांना मी काही विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तुझ्या खोलीत माझं शिलाई मशीन आलंय, ते आता हलायचं नाही. अगं, लहानपणी तुझी पाठांतरं ऐकता ऐकता मी दोन ब्लाउज उलटे शिवलेत, आणि तू म्हणे मुकी! तिथे कुणी तुला खायला बसलेलं नाही. खायचं काम तुझं, तेही पुस्तकं. फेरी कशी झाली ते सविस्तर कळव. जेवत जा.

तुझीच, कान किटलेली आत्या

दि. १६ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

भूगोलाची विद्यार्थिनी नकाशा हातात असताना वाट चुकली, हे कृपया घरी बोलू नकोस. संग्रहालयाचे समजून मी जे दार उघडले, ते निघाले थेट एका व्याख्यानगृहाच्या व्यासपीठावर. मागे माझी सगळी तुकडी, त्यांतच एकीची आई. भूशास्त्राचे वृद्ध प्राध्यापक हातात दगड घेऊन शिकवत होते. न थांबताच म्हणाले की, उशिरा येणाऱ्यांनी पुढे बसावे. शिक्षकांनी बसा म्हटल्यावर उभे राहणे मला आजवर जमलेले नाही. मी पहिल्या बाकावर बसले. माझ्यामागोमाग सगळे बसले. त्या आईंनी तर वहीसुद्धा काढली!

पुढे प्राध्यापकांनी विचारले की, नदीपासून इतक्या दूर, डोंगरात सापडलेला हा गोटा असा गुळगुळीत कसा? सवयीने माझा हात वर गेला. पूर्वी तिथूनच नदी वाहत असणार, असे मी पुटपुटले. मागून एक मुलगा म्हणाला की, कोणीतरी उचलून नेला असेल. आत्या, मला इतका राग आला की मी सभागृहाकडे वळून भांडलेच. त्या डोंगरात तसे गोटे थरच्या थर सापडतात, ते सगळे काय पिशवीत घालून नेले, असे विचारले. पाठ केलेले त्यात एकही वाक्य नव्हते.

तास संपल्यावर पाहते तो दारात मार्गदर्शक बाई! हरवलेली तुकडी शोधत आल्या होत्या आणि सगळे ऐकून चुकल्या होत्या. म्हणाल्या की वाटाड्या म्हणून मी साफ नापास. मात्र सोमवारपासून पहिल्या वर्षाचा वर्ग घेशील का? मी मान हलवली. त्यांनी होकार तोंडाने मागितला. तो मी इतक्या मोठ्याने दिला की, समोरच्या वर्गातल्या सरांनी येऊन दार लावून घेतले.

अधिक काय लिहू? लोभ वाढता ठेव.
तुझी भाची