सामानाची सोय

१ सप्टेंबर, रविवार
आज घरात जाहीर केलं. लेकीला हॉस्टेलवर सोडायला मी जाणार. मोटरसायकलवर. दोघंच, रस्ता एका दिवसाचा, पण रमतगमत दोन दिवस, वाटेत एक मुक्काम. मेहुणा चहाला आला होता. म्हणाला, भाऊजी, कशाला त्रास, माझी कार आहे की. मी म्हटलं, कार पुष्कळांकडे असते. त्याने तिसरं बिस्किट उचललं.

लेक लगेच हो म्हणाली. शाळेत असताना मागे बसून माझ्या पाठीवर डोकं टेकून झोपायची, त्याची आठवण तिनेच काढली. मला भरून आलं. तिच्याशी धड बोलून वर्ष झालं असेल. ती अभ्यासात, मी ऑफिसात. दोन दिवसांत सगळी कसर भरून काढायची. काय बोलायचं ते आधीच ठरवून ठेवावं.

सौ.ने विचारलं, सामान कुठे मावणार? एवढंच ना! उद्यापासून कामाला लागतो.

३ सप्टेंबर
एकवीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली आहेत. कुठली वस्तू कुठे ठेवायची हे मला कोणी शिकवू नये. लेकीचं सगळं सामान फरशीवर मांडून टेपने मापं घेतली. गादी, दोन बॅगा, पुस्तकं, बादली, टेबललॅम्प. निष्कर्ष: दोन्ही बाजूंना रॅक, त्यांवर पत्र्याचे बॉक्स. मागे तिसरा रॅक, त्यावर मोठा बॉक्स. दहा तारखेच्या आत काम फत्ते. मेहुण्याला मुद्दाम बघायला बोलवायचं.

६ सप्टेंबर
बाजारात तयार रॅक मिळतात. नाजूक. गल्लीच्या तोंडाशी खिडक्यांचे ग्रिल बनवणारा आहे, त्याला काम दिलं. त्याने आजवर मोटरसायकलचं काम कधी केलेलं नाही. म्हणजे डोक्यात चुकीच्या कल्पना नाहीत. माणूस उत्साही. म्हणाला, नटबोल्ट नकोच साहेब, नट ढिले होतात. थेट चेसिसला वेल्डिंग मारतो, तुमच्या नातवापर्यंत हलायचं नाही. अशी माणसं आमच्या ऑफिसात का नाहीत?

८ सप्टेंबर, रविवार
दिवसभर ग्रिलवाल्याकडे. मागच्या माणसाचे फूटरेस्ट नेमके रॅकच्या आड येत होते. कापून टाकले. आता रॅक कसा सलग बसतो. मागची सीटही रोज ऑफिसला जाता-येता रिकामीच असते. स्टोअरकीपरच्या डोळ्यांना रिकामी जागा खुपते. मोठ्या बॉक्सचा रॅक पुढे ओढून त्या जागेवर घेतला. वजन गाडीच्या मध्यावर यायला हवं, हे शास्त्र आहे. ग्रिलवाल्याने स्वतःच्या मनाने रॅकच्या मधोमध एक लोखंडी फूलही टाकलं. फुकट.

९ सप्टेंबर
सौ. खाली आली. गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाली, छान झालंय, पण पोरीचे पाय कुठे?

पाय! एवढं काम समोर उभं आहे आणि हिला पाय आठवले. शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. मी म्हटलं, पाय काय, माणूस कुठेही ठेवतो. ती वर निघून गेली. जिन्यातून भावाला फोन करत होती, गाडीची सर्व्हिसिंग करून ठेव म्हणून. त्याच्या गाडीची हिला काय पडली आहे, कळत नाही.

१३ सप्टेंबर
पहाटे अंधारात निघायचं, तेव्हा चार जादा लाइट आणले. इलेक्ट्रिशियन म्हणे पुढच्या आठवड्यात येतो. त्याची वाट कोण बघतो? स्वतःच जोडले. लाल तार लाल तारेला, काळी काळीला. यात कसली आली विद्या.

१४ सप्टेंबर
लाइट लागले! शुभ्र, लखलखीत. लाइट लावले की हॉर्नही वाजतो. एका बटणात दोन कामं. समोरच्याला आपण दिसतोही आणि ऐकूही येतो. विचार करून केलं नव्हतं, पण झालं ते चांगलंच झालं.

१६ सप्टेंबर
समोरच्या घरातल्या आजोबांची तक्रार. काल संध्याकाळी झोप काढत होते, खोलीत उजेड पाहून सकाळ झाली समजले आणि दात घासायला उठले. मी म्हटलं, घासले ना? मग नुकसान काय झालं?

१९ सप्टेंबर
लेक खाली आली. एक चक्कर मारू या म्हणाली. मी म्हटलं, वायर उघडी आहे, आत्ता हात लावू नको. मग पायरीवर बसून टॉर्च धरला. बराच वेळ काहीतरी सांगत होती. नव्या खोलीतल्या मुलीबद्दल असावं, किंवा तिला भीती वाटते असं काहीतरी. माझ्या तोंडात स्क्रू होते आणि डोक्यात फ्यूज. नीट ऐकलं नाही. प्रवासात दोन दिवस आहेतच की.

२२ सप्टेंबर, रविवार
ट्रायल. बॉक्सांत विटा भरल्या आणि निघालो. ग्रिलवाल्याच्या दारातच गाडी डावीकडे आडवी झाली. रस्त्याला उतार आहे तिथे. उचलायला चार माणसं लागली, यावरून गाडीचा भक्कमपणा कळतो. ग्रिलवाला म्हणाला, बघा साहेब, रॅकला ओरखडासुद्धा नाही. माझ्या गुडघ्याला आहे, पण गुडघा काही त्याने केलेला नाही.

२५ सप्टेंबर
बॅटरी उतरली. लाइट बंद केले तरी थोडे चालूच राहतात म्हणे. तीन दिवस ऑफिसला बसने जातोय. गाडीला विश्रांती हवीच, लांबचा पल्ला आहे. सौ. म्हणाली, अजून वेळ गेलेली नाही. कसली वेळ, ते विचारलं नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
बॅटरी चार्ज करून आणली. सामान भरलं. सगळं मावलं! गादीची गुंडाळी डावीकडे, बॅगा उजवीकडे, पुस्तकं आणि लॅम्प मागे. बादलीसुद्धा. वर बोटभर जागा उरली, तिथे तिच्या चपला बसवल्या. एकवीस वर्षांचं चीज झालं.

मेहुण्याला बोलावलं. गाडीभोवती फिरला, आ वासून बघत राहिला. मग सौ.ला हळूच विचारलं, उद्या किती वाजता येऊ? निरोप द्यायला येत असेल. येऊ दे. डोळे भरून बघू दे.

२८ सप्टेंबर, पहाटे ५.४०
घाईत लिहितोय. लेक खाली आली. नवं हेल्मेट घातलेलं, जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. हसत गाडीजवळ आली आणि थांबली. या बाजूने गेली, त्या बाजूने गेली. म्हणाली, बाबा, मी कुठे बसू?

मी दाखवायला हात पुढे केला. माझी सीट आणि मोठा बॉक्स यांच्यात एक वीत जागा आहे. पाय टांगायला बाजूचे बॉक्स आहेत, म्हणजे पाय टांगता येत नाहीत. ती तरी एकदा चढून बघते म्हणाली. चढली. बॉक्स पाठीत आणि गुडघे कानाशी. मग हळूच उतरली आणि म्हणाली, असू दे बाबा.

ग्रिलवाल्याला उठवलं. म्हणाला, रॅक कापायचा तर चेसिसही कापावी लागेल. म्हटलं ना साहेब, हलायचं नाही. झोपेतही अभिमान होता त्याच्या आवाजात.

सौ. एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर भांडता आलं असतं. मेहुणा इंजिन चालू ठेवून कोपऱ्यावर उभा. बरं, जाऊ दे तिला कारमधून. पण सामानाला हात लावायचा नाही कोणी! सामान माझ्या गाडीवरूनच जाणार, एक बॅगही त्या डिकीत जाणार नाही. सौ. म्हणाली, म्हणजे तुम्ही टेम्पो.

हो, टेम्पो!

दुपारी, पेट्रोल पंप
बोगद्यात लाइट लावले. हॉर्नही लागला, अर्थात. पुढे मेहुण्याची कार. तो घाबरून बाजूला झाला, मी मागे, तो आणखी बाजूला. कारमधून सौ.चा फोन: त्याला आरशात काही दिसत नाही, आणि तो भोंगा आधी बंद करा, लोक शिव्या देताहेत. मी म्हटलं, बोगदा संपला की बंद होईल. बोगदा संपला, भोंगा नाही. शेवटी बॅटरी संपली तेव्हा थांबला.

इथे पंपावर बॅटरी चार्जिंगला लावली आहे. निदान तीन तास. त्यांना पुढे जायला सांगितलं. कुणासाठी थांबायची गरज नाही.

रात्री, लॉज
अंधार पडता पडता हॉस्टेलच्या गेटवर पोचलो. ते दुपारीच आले होते. सौ. आणि मेहुणा लॉजवर गेलेले. लेक मात्र गेटजवळच्या कट्ट्यावर बसून होती. बाकीच्या मुलींनी खोल्या लावल्या, हिच्या कॉटवर गादी नाही, म्हणून ही खाली. चार वाजल्यापासून बसली होती. चिडली असती तर बरं झालं असतं.

पुरुषांना आत सोडत नाहीत. सामान उतरवून गेटच्या आत सरकवलं, ती आणि खोलीतली मुलगी वर घेऊन गेल्या. काहीही हललं नव्हतं, फुटलं नव्हतं. लॅम्पसुद्धा. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, हो, मस्त पॅकिंग केलंस.

मग वॉचमन म्हणाला, गाडी इथे उभी करू नका. मी ढकलत निघालो. ती बरोबर चालत आली. इंजिन लावलं नाही, तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून. पण ती काही बोलली नाही आणि मलाही ठरवलेलं काही आठवेना. जेवलीस का, एवढं विचारलं. हो म्हणाली. कोपरा आला. वॉचमनने शिट्टी मारली आणि ती धावत परत गेली.

२९ सप्टेंबर, रविवार
परतीला निघालो. सौ. मेहुण्याच्या कारमध्ये. माझ्या मागे बसते का विचारायचं तोंडावर आलं होतं, गिळलं. बॉक्स रिकामे. गाडी झकास पळते. रॅक जागचा हलला नाही. ग्रिलवाल्याने काम चोख केलंय, त्याबद्दल कोणी काही बोलायचं कारण नाही. लाइटही भरपूर आहेत.

चहाला थांबलो, टपरीवर बसून हे लिहितोय. सामान न्यायला टेम्पो होता, कुरियर होतं, मेहुणा होता. तिला मागे बसवून न्यायला मी एकटाच होतो.