मधल्या कप्प्यातलं पाणी

३ मार्च, सकाळी ७
क्षार मोजायच्या मीटरवर ३२००. बोअरचं पाणी खारट असल्याचं मेहुण्यानंही आज चमचाभर चाखून, तोंड वाकडं करून मान्य केलं. तो बिल्डिंगचा सेक्रेटरी. फिल्टरचं मशिन मागवायला निघाला होता, मी पंधरा दिवस थांबवलं. माझी पेटी गॅलरीत तयार आहे. एका कप्प्यात गटारातला गाळ, मधल्यात दोन लिटर खारं पाणी, पलीकडे साधं. गाळातले जंतू घाण खातात, वीज सोडतात. ती वीज मधलं मीठ पडद्यांतून दोन्हीकडे ओढून घेते. मी फक्त रोज दोनदा पेलाभर काढून मोजायचं, फेकायचं.
बायकोला बजावलं, मधली पातळी खुणेखाली गेली तर पडदे सुकतील, लक्ष ठेव. ठेवणार नाही. पंचवीस वर्षांत माझं काही ऐकलेलं नाही.

६ मार्च
१७००. जंतू कामसू आहेत. छोटा दिवा जोडून पाहिला, लागला नाही. सगळी वीज मिठातच खर्ची पडत असणार.

९ मार्च
९००. पातळी बरोबर खुणेवर. पडदे उत्तम.
पिण्याच्या पाण्याचा कॅन मात्र एक दिवस आधीच संपला. मेहुणा येऊन ढोसतो.

१२ मार्च
४८०. मीटिंगमध्ये टाळ्या. मेहुणा म्हणाला, दाजी, तीन दिवस पेटी ऑफिसात कुलपात राहू दे, आकडा असाच उतरला तर मशिन रद्द. म्हटलं, खुशाल ठेव, दोन्ही वेळा पेला काढण्यापुरतं उघडून दे.

१५ मार्च, दुपारी
४८५. पातळी निम्म्याच्याही खाली, पडदे कोरडे. जंतूंनी ऐन वेळी दगा दिला. किल्ली मेहुण्याकडे होती, हेही लिहून ठेवतो. दोघंही माझंच खाऊन माजले.

संध्याकाळी ५
बायकोला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, अहो, तिथे तुम्ही पेला काढलात की पाणी कोण ओतत होतं?
मी म्हटलं, कसलं पाणी?
कॅनमधलं, म्हणाली. पातळी राख म्हणून तुम्हीच बजावलंत, मी दोन्ही वेळा न चुकता घातलं.
म्हणजे दगा घरातलाच. पंचवीस वर्षं ऐकलं नाही, आणि ऐकायला हाच मुहूर्त सापडला.

१६ मार्च
मशिन सोमवारी बसणार. त्याची पातळी रोज बघायला भरवशाचं माणूस हवं, म्हणून कमिटीनं एकमतानं बायकोला नेमलं. गाळ ज्यानं आणला त्यानं रविवारच्या आत परत गटारात नेऊन टाकायचा आहे. बादली मेहुणा देणार आहे.