लिटरला अठरा

उदगीर, मंगळवार, १० मे २०१६

रा. रा. रेवणसिद्धअप्पा यांस,
उदगीरहून तुमचा थोरला साडू विरूपाक्ष याचे शरणार्थ.

थोरला म्हणून आधी चौकशी करतो. तुमची पाठ कशी आहे? नीलाबाईंचा खोकला गेला का? सासूबाईंना दोन्ही वेळा भाकरी जाते ना? आणि तुमच्या नांदेडच्या, विष्णुपुरीतल्या घरामागची बोअर अजून चालते ना? (हे शेवटचं मी निव्वळ आपुलकीनं विचारतोय. इथं हल्ली बोअरची चौकशी केली की लोक दार लावून घेतात.) आमच्याकडे नळ बाराव्या दिवशी येतो आणि आला की पाऊण तासात जातो. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, उदगीरला अजून फक्त बातमी आली आहे. काल बसवजयंतीची मिरवणूक निघाली, पण यंदा दारात कुणी सडा घातला नव्हता. बाकी ठीक.

फोन सोडून पत्र का लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. फोन उमादेवीच्या हाताशी असतो आणि तुमच्याकडचा नीलाबाईंच्या. या दोघी बहिणींच्या मधून माझं एक वाक्यसुद्धा आजवर धड पलीकडे गेलेलं नाही. म्हणून पत्र. वाचून झालं की फाडून टाका, आणि फाडलेले तुकडे एकाच ठिकाणी टाकू नका.

तुम्हाला उगादी-पाडव्याचं जेवण आठवत असेलच. मला तर पंगतीत कोण कुठं बसलं होतं तेही आठवतंय. दुसरी पोळी वाढून होत होती तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, “भाऊजी, ती नव्याण्णव सालची गाडी आता भंगारात देऊन टाका. लिटरला चौदा देऊन राहिली, काय कामाची?” मी म्हणालो, अठरा देईल. तुम्ही म्हणालात, दिली तर मी माझी मिशी उतरवतो, नाही दिली तर मृग निघायच्या दिवशी किल्ली माझ्या हातात द्यायची. उदगीर-नांदेड जाऊन-येऊन, सरासरी अठरा. मी हो म्हणालो. पोटात पुरण असताना माणसानं शर्ती लावू नयेत, हे मला घरी आल्यावर कळलं. कारण गाडी गेली तर उमादेवीचं नांदेड संपतं. तिच्या गुडघ्यांनी एस.टी.ची पायरी चढवत नाही आणि वाटेत गाडी बदलायची म्हटलं तर त्याहून नाही. तिकडे सासूबाई खाटेवरून उठत नाहीत आणि दर रविवारी थोरल्या लेकीनंच केस विंचरायला पाहिजेत म्हणून हटून बसतात. तुम्ही मिशीची शर्त लावलीत, मी मात्र दोन बायकांचा रविवार पणाला लावून बसलो.

म्हणून कामाला लागलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेषेराव मिस्त्रीचं गॅरेज आहे. हा माणूस काहीही विचारलं की एकच उत्तर देतो, “उदगीर जिल्हा होऊ द्या आप्पा, मंग बघा.” जिल्हा झाला की सामान इथंच मिळेल, जिल्हा झाला की कार्बोरेटर नवा टाकू, जिल्हा झाला की मी तुम्हाला पावतीसुद्धा देईन. (जिल्हा होण्याची तारीख त्याला आणि सरकारला सोडून सगळ्यांना माहीत आहे.) माझा त्याच्यावर विश्वास नाही, म्हणून तो काम करत असताना मी शेजारी स्टूल टाकून बसतो. त्यानं कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, एअर फिल्टर नवा घातला, टायरमध्ये हवा इतकी भरली की आता रस्त्यातला खडासुद्धा दातांना कळतो. मग म्हणाला, “वजन कमी करा. इंजिन हाय तेवढंच हाय, वझं उतरवा.”

हे मात्र मला पटलं. बत्तीस वर्षं मी मोंढ्यात धान्याच्या काट्यापाशी बसलोय, वजनाची गोष्ट मला शिकवायला नको. मागची सीट काढली. स्टेपनी काढली, जॅक काढला, वरचं कॅरियर काढलं, डावीकडचा आरसा काढला. वायपरही काढले. तीन वर्षांत ते एकदाही हललेले नाहीत, उगीच दोन काड्यांचं ओझं कशाला? उमादेवीची पर्स मी तोलून पाहिली, त्यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं. इथं पाणी नाही म्हणून ती धुणं नांदेडला नेते. ती गाठोडी तेवढी राहू दिली, पण येताना कपडे कडकडीत वाळलेले पाहिजेत, असं बजावलं. ती म्हणाली, “तुम्ही पुढं बघून चालवा, मागचं मी बघते.” तेव्हापासून मागं गोधडीखाली काय आहे ते मी पाहिलेलं नाही, कारण पुन्हा अबोला मला परवडणारा नव्हता.

मग शेषेराव म्हणाला, वारा अडतो. पुढची जाळी झाका आणि पोटाखालून सपाट करा, वारा सुळकन निघून जाईल. त्यासाठी पत्रा जड पडला असता. चौकात जिल्ह्याच्या उपोषणाच्या मंडपाचं फ्लेक्स पडलं होतं, ते त्यानं आणलं. (विचारून आणलं म्हणतो. मंडपात कुणीच नव्हतं, मग विचारलं कुणाला?) “उदगीर जिल्हा झालाच पाहिजे” असं त्यावर हातभर अक्षरांत होतं. कापताना “उदगीर जिल्हा” पुढच्या जाळीवर आलं आणि “झालाच पाहिजे” गाडीच्या पोटाखाली गेलं. मी म्हटलं, वाऱ्याला कुठं वाचता येतं.

आता परवाच्या रविवारची हकिगत ऐका. मोठ्या गाडीच्या मागं मागं चालवलं की वारा आधीच फुटलेला असतो आणि पेट्रोल वाचतं, हेही शेषेरावचंच ज्ञान. मुखेडच्या अलीकडे मला एक टँकर सापडला. मी त्याच्या मागं दोन हातांवर गाडी लावली. छान चाललं होतं. टँकर एका फाट्यावरून आत वळला, त्याचा वेग जमून आला होता म्हणून मीही वळलो. गाव आलं. टँकर थांबला, मलाही थांबावं लागलं, कारण मागं घागरी घेऊन बाया उभ्या राहिल्या. टँकरच्या मागून पांढरी गाडी, गाडीवर “उदगीर जिल्हा”. अप्पा, त्या गावानं मला नव्या जिल्ह्याचा कलेक्टर ठरवून टाकलं.

मी नाही नाही म्हणत होतो, पण साहेब लोक आधी नाहीच म्हणतात हे त्यांना माहीत होतं. एकानं खुर्ची आणली. एक म्हातारा तावातावानं विचारू लागला, “आमचं गाव तुमच्या जिल्ह्यात वढायलाव का? आमाला न्हाई यायचं!” दुसरा म्हणाला, “टँकर रोज देत असतील तर येऊ की.” पेट्रोलची सरासरी लिहायच्या वहीत मला सतरा तक्रारी लिहून घ्याव्या लागल्या. उमादेवी गाडीत तोंडाला पदर लावून बसली होती. ती रडत नव्हती, हसत होती. शेवटी कस्तुराबाई नावाची एक म्हातारी पुढं आली. फाट्यावरच्या पहिल्या घरात ती एकटी राहते. तिला घागर उचलत नाही म्हणून ती तांब्यानं पाणी नेते, आणि तोवर टँकर संपतो. तिनं त्याच तांब्यातलं पाणी माझ्यापुढं केलं. “घ्या सायेब, उन्हात आलाव.” पाणी परत केलं तर तिचा अपमान, म्हणून प्यालो. मला लाज वाटली. लिटरला अर्धा किलोमीटर वाचवायला मी त्या टँकरच्या मागं लागलो होतो आणि ती तिच्या दिवसभराच्या पाण्यातलं मला देत होती.

असो. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो त्या मुद्द्यावर येतो. परवा मी तुमच्याकडे पोचण्याआधी नांदेडच्या पंपावर टाकी गच्च भरली आणि हिशेब केला. जाताना सरासरी पडली अठरा, तीही गावात थांबून. परत येऊन उदगीरला पुन्हा भरली. येताना पडली साडेअकरा. रस्ता तोच, माणसं तीच, गाडी तीच. मध्ये फक्त एक ठिकाण येतं, ते म्हणजे तुमचं अंगण.

मी कुणाचं नाव घेत नाही. पण दुपारी जेवून मी आत आडवा झालो तेव्हा तुम्हीही झोपतो म्हणून पलीकडच्या खोलीत गेलात. मी खरं तर झोपणार नव्हतो, डोळे मिटून पाळत ठेवणार होतो. (नीलाबाईंनी वरणात तूप जास्त घातलं. हाही योगायोगच म्हणायचा.) उठून बाहेर आलो तर गाडीच्या मागच्या चाकापाशी एक हिरवा रबरी पाइप पडलेला. पाइप ओला होता. मी उचलून वास घेतला. पेट्रोलचा वास अजिबात येत नव्हता, म्हणजे धुऊन ठेवलेला होता. या दुष्काळात जो माणूस पाइप धुतो, तो किती तयारीचा असेल!

शिवाय येताना गाडीचं बूड खाली बसलेलं असतं आणि वळणावर मागून गुडगुड आवाज येतो. शेषेरावला विचारलं तर म्हणतो, टाकी हललीय, जिल्हा झाला की बघू. मला वाटतं टाकीला कुणीतरी हात लावल्याशिवाय ती हलणार नाही. आणि शेजारच्या चतुराबाई, ज्यांनी वीस वर्षांत आमच्याकडे हळदीचं बोटसुद्धा पाठवलं नाही, त्या महिनाभर दर सोमवारी लोणचं आणून देतायत. तुमचा त्यांच्याशी काही संबंध आहे का? असल्यास कळवा.

मी भांडण करत नाही. एवढंच सांगतो की मिशी वाचवण्यासाठी साडूच्या टाकीत पाइप घालणं तुम्हाला शोभत नाही. पाइपचा खुलासा उलट टपाली करावा. पाकीट नीट चिकटवा. सासूबाईंना नमस्कार, नीलाबाईंना आशीर्वाद.

आपला,
विरूपाक्ष

ता. क. (बुधवार) : पत्र काल टाकायचं राहिलं. पाकिटाला लावायचा डिंक वाळला होता, तो भिजवायला चमचाभर पाणी हवं म्हणून मागच्या खोलीत गेलो. नळ येऊन नऊ दिवस झाले, तरी घरात पाणी संपलेलं नाही याचं मला इतके दिवस कौतुक वाटायचं, संशय कधी आला नाही. पलंगाखाली आठ कॅन होते. वीस-वीस लिटरचे. पाच रिकामे, तीन भरलेले. उमादेवीला विचारलं. ती जोंधळे निवडत होती, तिनं मान वर केली नाही. म्हणाली, “आईनं वटी भरली. लेकीला रिकामं धाडायचं न्हाई म्हणली. औंदा द्यायला दुसरं काय हाय? म्हणून पाणी दिलं.” मी म्हटलं, आठ? ती म्हणाली, “पहिल्यांदा तीनच व्हते. तुम्ही सीट काढलाव, मंग पाच झाले. ते चाक काढलाव, मंग आठ.” त्यातले चार चतुराबाईंच्या घरी जातात, त्यांची सून बाळंत झाली आहे. मी धडपडून जेवढी जागा केली, तेवढी मल्लम्मा सासूबाईंनी खाटेवर पडल्या पडल्या भरून काढली. मी म्हटलं, अगं, याच्यानं शर्त हरलो असतो, तुझं जाणं बंद झालं असतं. ती म्हणाली, “ठाव हाय. पर आईचा हात कसा मोडू?” मग म्हणाली, “आनि बत्तीस वर्सं काट्यापाशी बसलाव म्हणता. पाठीमागं एकशेसाठ किलो हाय, ते कळंना व्हय?”

ता. क. दुसरा (बुधवार, संध्याकाळ) : वरचा सगळा मजकूर खोडायचा विचार केला होता. पण चार पानं आहेत, आणि वाया गेलेला कागद मला बघवत नाही. तेव्हा पाइपविषयी जे लिहिलं ते वाचलं नाही असं समजा. मात्र एक शंका राहते. उमादेवीनं फोनवर विचारलं, तर नीलाबाई म्हणतात की पाइपनं कॅन भरताना तुम्ही झोपलेले असता. बोअरची मोटर तुमच्या उशाच्या भिंतीपलीकडे आहे. ती चालू असताना तुम्ही झोपता, यावर माझा विश्वास नाही. सगळं माहीत असून सोंग घेत असाल, तर तुम्ही शर्त जिंकायला तसे पडून राहिलात की पाणी उदगीरला जावं म्हणून, हे मला विचारायचं होतं. आता विचारत नाही.

ता. क. तिसरा (गुरुवार) : मुद्द्याचं राहिलंच. एकदा गाडी रिकामी आणली तर अठरा सिद्ध होतील, मिशी जाईल. पण सासूबाई रिकामी आणू देणार नाहीत, आणि मीही आणणार नाही. तेव्हा शर्त मी हरलो असं लिहून देतो. फक्त किल्ली मृगाला मागू नका, खरा पाऊस पडेल त्या दिवशी मागा. येत्या रविवारी दहा कॅन भरून ठेवायला सांगा. शेषेराव माझ्या सीटमागं आणखी दोनांची जागा करतोय. ते दोन मुखेडच्या अलीकडच्या फाट्यावर, कस्तुराबाईच्या दारात उतरवायचे आहेत. तिला सांगणार आहे की साहेबांनी पाठवलंय. पाइप मात्र जरा लांब घ्या, आणि मोटर चालू झाली की उठून बाहेर या. कॅन जड असतात, दोघी बहिणींचं आता वय झालं. मीही झोपणार नाही. वरणात तूप बेताचं घालायला सांगा. आणि हो, शेषेरावकडून वायपर तेवढे परत बसवून घेतलेत.