गाव सोडून गेलेल्यांचा सोहळा

प्रिय अहो,

हसू नका. पत्र ‘प्रिय’ने सुरू करतात असं सूनबाई म्हणाली, आणि तुमचं नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलेलं नाही. तेव्हा हेच राहू दे. माझी शाळा चौथीपर्यंतची, जोडाक्षरं चुकली तर लाल पेन्सिल घेऊन बसू नका. तब्येत झकास आहे. इथे जर्मनीत, आखनला मे महिन्यातही स्वेटर लागतो, पण अवनी शाळेतून आली की अशी गळ्यात पडते की थंडी कुठल्या कुठे जाते. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि आम्हा आजी-नातीचं उत्तम चाललंय. परवा तिने थालीपीठ थापलं. भोक बरोबर मध्ये पडलं नाही म्हणून रुसून बसली, अगदी तुमच्यासारखी.

घरात एकच गोष्ट कुणी काढत नाही. हरीशने इथलं नागरिकत्व घ्यायचं की नाही. आपला पासपोर्ट परत केलास तर या घराचा उंबरा चढू नकोस, असं तुम्ही दिवाळीला फोनवर म्हणालात आणि तेव्हापासून फोनच घेत नाही. दर वेळी आपली मीनल उचलते आणि बाबा देवळात गेलेत म्हणते. इतक्या वेळा तुम्ही जन्मात देवळात गेला नसाल! इकडे हाही तुमचाच मुलगा. बाबा हो म्हणेपर्यंत सही करणार नाही, म्हणतो. इथल्या ऑफिसने दिलेली मुदत महिनाअखेरीला संपते. सूनबाईच्या हातची भांडी जरा जास्तच वाजतात. मी दोघांच्या मधे बसून आमटी वाढते.

त्यातच इंग्लंडची सहल आली. अवनीच्या शाळेची तिकडच्या एका खेड्यातल्या शाळेशी ओळखदेख आहे. त्या खेड्यातली काही माणसं चारशे वर्षांपूर्वी गलबतात बसून अमेरिकेला गेली. तिकडे अगदी पहिल्यांदा वस्ती करायला जे इंग्रज गेले ना, त्यांच्यातली. त्याचा सोहळा होता आणि आमची पोरं तिथे गाणार होती. शाळेची बस होती, घरच्यांनाही जागा होती. माझाही व्हिसा हरीशने खटपट करून काढला.

बोटीच्या बंदरावर सगळ्यांचे पासपोर्ट पाहिले. अवनीचा जन्मापासून जर्मन, तो लगेच परत मिळाला. हरीश, सूनबाई आणि मी, आम्हा तिघांना बाजूच्या खोलीत नेलं. जर्मनीत किती वर्षं राहता, कशाला चाललात, परत कधी येणार. हरीश शांतपणे सांगत होता, पण त्याचा एक पाय सारखा हलत होता. बोट सुटायला आली होती, सगळी बस आमच्यासाठी खोळंबली होती, आणि अवनी खिडकीच्या काचेला नाक लावून रडत होती. सोडलं शेवटी, पण बोटीवर हरीश सारखा खिशातला पासपोर्ट चाचपत होता.

गाव मात्र देखणं हो! त्यांच्या चर्चमध्ये दोन देशांचे झेंडे, अमेरिकेहून आलेले पाहुणे, गळ्याभोवती कडक चुणीदार कॉलर लावून मिरवणारे म्हातारे. एकेक नाव वाचायचं, घंटेचा एक टोला द्यायचा, आणि त्या माणसाच्या आळीतलं कुणीतरी उभं राहायचं. मला वाटलं, हे श्राद्धच. डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. बाहेर एक म्हातारी केकची ताटली घेऊन आली, तर मी अवनीचा हात मागे ओढला. सुतकाच्या घरचं खातात का! म्हातारी तशीच उभी, हरीश लालबुंद. म्हणाला, अगं आई, सुतक कुणाचं? आपल्या गावचे लोक इतक्या लांब गेले याचं कौतुक चाललंय हे!

मग काय, दोन तुकडे खाल्ले. म्हातारी गप्पिष्ट निघाली. दोन भाऊ होते, म्हणाली. मागे राहिला त्याच्या वंशातली ती, आणि गेला त्याच्या वंशातला शेजारचा टोपीवाला अमेरिकन. दोघांचं नाक एकच! मी विचारलं, त्या मुलांचा बाप काय म्हणाला? हरीश भाषांतर करत होता. तिने सांगितलं, बाप निरोप द्यायला आला नाही, असं घरात सांगत आलेत. पहिल्या हिवाळ्यात तिकडे उपासमारीने खूप माणसं मेली, हा वाचला. पण बापाला... इथे हरीश थांबला. इंग्रजी न येताही पुढचं मला कळलं, मुलगा वाचल्याचं कळायच्या आतच बाप गेला.

आता मुद्द्याचं लिहिते. परतताना बसमध्ये मी हरीशला सांगितलं, निघायच्या आदल्या दिवशी बाबांचा फोन आला होता, तू झोपला होतास, ते हो म्हणाले. त्याने विचारलं, नक्की काय म्हणाले? मी म्हटलं, ‘कर म्हणावं.’ सोमवारी जाऊन त्याने सही केली. आल्यावर पोर ओट्यापाशी उभं राहून लहानपणीसारखं रडलं. तो तुम्हाला फोन करायला अधीर झालाय. आज कमर दुखते, उद्या बाजार, असं करून हे पत्र पोचेपर्यंत मी त्याला कसंबसं थोपवते. रागवायचं ते मी आल्यावर माझ्यावर रागवा, मी ऐकून घेईन. पण तो फोन तुम्हीच उचला. मी तुमच्या तोंडी दोनच शब्द घातलेत, तेवढे एकदा तुमच्या आवाजात त्याला ऐकू द्या.

न विचारता तुमच्या वतीने बोललेली,
तुमचीच
प्रभा