तुपाची वाटी

अकोला, कार्तिक वद्य पंचमी, संध्याकाळ

आज पुन्हा हरलो. अमरावतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन उतरवा, रोज पायी फिरा, तूप बंद. ही धाप बरी नव्हे. सकाळी दमणीला बैल न जुंपता पायीच शेतावर गेलो. बरं वाटलं. दुपारी बायकोनं तुपाची वाटी पुढे केली, तर मी ताटावर हात आडवा धरला.

तिचा चेहराच उतरला. "काहून? माह्या भावाले पोतंभर जवारी देल्ली म्हणून राग आला का तुमाले?"

"नाई वं, भूकच नाई."

"मंग मलेबी नाई." अन् ती चुलीकडे तोंड करून बसली.

काय करणार? वाटी ओढली, वरणावर अख्खी उपडी केली. ती हसली, लगेच जेवायला बसली. अजून बोटांना तुपाचा वास आहे.

डॉक्टरांचं बोलणं तिला सांगितलंच नाही. घाबरेल बिचारी, असं मनाला समजावतो. पण ते खरं आहे का? माझे वडील याच वयात, अशीच धाप लागून गेले, हे तिनं डोळ्यांनी पाहिलंय. तिला कळलं, तर ती वाटी पुन्हा माझ्या ताटाजवळ येणार नाही.

म्हणूनच सांगत नाही मी.